मुंबई ते लंडन: हवाई अंतर आणि प्रवासाचा वेळ

सप्रेम नमस्कार.

मुंबई आणि लंडनचे हीथ्रो या विमानतळांमधील हवाई अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर आहे. प्रवासी विमानाचा वेग ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास असतो, त्यामुळे आठ तासांत पोहोचू, असा हिशेब आमचे अनेक ग्राहक मांडतात. तिकिटावर मात्र थेट विमानाला जाताना साधारण दहा तास आणि येताना नऊ तास दिसतात.

हे अंतर पृथ्वीच्या गोलावर मोजलेले असते. सपाट नकाशावर पट्टीने ओढलेली रेघ इराक आणि तुर्कस्तानवरून जाते. गोलावरचा सर्वांत जवळचा मार्ग त्याहून उत्तरेकडून, म्हणजे बलुचिस्तान, इराण, कॉकेशस, काळा समुद्र आणि युक्रेनवरून जातो. प्रत्यक्षात विमानाला तो तसाच मिळत नाही. युक्रेनचे आकाश २४ फेब्रुवारी २०२२पासून नागरी विमानांना बंद झाले आणि पाकिस्तानने एप्रिल २०२५मध्ये भारतीय कंपन्यांच्या विमानांना आपल्या हद्दीतून जाण्यास मनाई केली. अशा वेळी वळसा घ्यावा लागतो आणि एकाच मार्गावरील दोन कंपन्यांच्या वेळांमध्येही फरक पडतो.

जाण्या-येण्याच्या वेळेतील तफावत मुख्यतः वाऱ्यामुळे पडते. विमाने ज्या उंचीवरून जातात तेथे पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात आणि हिवाळ्यात त्यांचा जोर वाढतो. समोरून ताशी १०० किलोमीटरचा वारा असेल, तर ७,२०० किलोमीटरला नऊ तास लागतात. तोच वारा पाठीमागून मिळाला, तर सुमारे सव्वासात तास पुरतात. शिवाय तिकिटावरील वेळ विमान मुंबईच्या गेटवरून हलल्यापासून लंडनच्या गेटला लागेपर्यंतची असते, त्यामुळे धावपट्टीपर्यंत जाणे आणि उतरण्यासाठी थांबणेही तिच्यात धरलेले असते.

सर्वाधिक गोंधळ घड्याळामुळे होतो. तिकिटावर निघण्याची वेळ निघण्याच्या शहराची आणि पोहोचण्याची वेळ पोहोचण्याच्या शहराची असते. लंडन भारताच्या साडेपाच तास मागे असते, परंतु मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत हे अंतर साडेचार तासांचे होते. समजा, आपले विमान मुंबईहून दुपारी दोनला निघाले आणि प्रवास दहा तासांचा असला, तर भारतात मध्यरात्र झालेली असताना लंडनमध्ये हिवाळ्यात सायंकाळचे साडेसहा आणि उन्हाळ्यात साडेसात वाजलेले असतील. परतताना सकाळी उशिरा निघालेले विमान मुंबईत बहुधा मध्यरात्रीनंतर, म्हणजे पुढच्या तारखेला पोहोचते. घ्यायला येणाऱ्यांना ती तारीख आवर्जून कळवावी. मुलांकडे जाणाऱ्या ज्येष्ठांना आमची कळकळीची विनंती आहे की, इन्सुलिन किंवा ठरावीक वेळेच्या गोळ्या असल्यास प्रवासाचे एकूण तास भारतीय वेळेनुसार मोजून डॉक्टरांना आधीच दाखवावेत.

मध्ये थांबा घेतल्याने अंतर फारसे वाढते, असे नाही. मुंबई ते दुबई सुमारे १,९३० आणि दुबई ते लंडन सुमारे ५,५०० किलोमीटर, म्हणजे एकूण वाढ दोन-अडीचशे किलोमीटरची. वेळ जातो तो दुबईतील प्रतीक्षेत, म्हणून स्वस्त तिकीट निवडण्यापूर्वी थांब्याचे तास आमच्याकडून विचारून घ्यावेत आणि दोन्ही विमाने एकाच तिकिटावर आहेत ना, याची खात्री करावी.