जागतिक अन्न पुरस्कार

जागतिक अन्न पुरस्कार : जगातील अन्नाचे उत्पादन, कस किंवा उपलब्धता वाढवणाऱ्या कामासाठी अमेरिकेतील आयोवा राज्याच्या राजधानीतून, डे मॉइन येथून, दरवर्षी दिला जाणारा आंतरराष्ट्रीय पुरस्कार. स्थापना १९८६. पहिले मानकरी डॉ. एम. एस. स्वामीनाथन (१९८७). दुग्धव्यवसायातले वर्गीस कुरियन (१९८९), मत्स्यपालनातले मोदडुगू गुप्ता (२००५), मृदाशास्त्रज्ञ रत्तन लाल (२०२०) अशी निरनिराळ्या क्षेत्रांतली माणसे यादीत आहेत. तरी तिचा कणा पिकांचे वाण काढणाऱ्या पैदासकारांचाच. त्यामुळे वनस्पतिविज्ञानातल्या मोठ्या सन्मानांमध्ये या पुरस्काराची गणना होते.

नोबेलच्या यादीत वनस्पतिशास्त्राला स्वतंत्र खाते नाही. हरितद्रव्यावरच्या संशोधनाला १९१५ मध्ये रसायनशास्त्राचे पारितोषिक मिळाले. मक्याच्या दाण्यांवरचे रंगांचे ठिपके वर्षानुवर्षे न्याहाळून ‘उड्या मारणारी’, म्हणजे जागा बदलणारी, जनुके शोधणाऱ्या बार्बरा मॅक्लिंटॉक यांचा गौरव १९८३ मध्ये वैद्यकाच्या खात्यातून झाला. बुटक्या गव्हाचे वाण देणाऱ्या नॉर्मन बोरलॉग यांना तर १९७० मध्ये थेट शांततेचे पारितोषिक मिळाले. ती बातमी आली तेव्हा ते मेक्सिकोत तोलुकाच्या बाजूला गव्हाच्या शेतात होते. पत्नीने गाडी काढून शेतापर्यंत जाऊन ती सांगितली. शेतीसाठी नोबेलमध्येच वेगळे पारितोषिक असावे, अशी बोरलॉग यांची खटपट होती. ते जमले नाही, तेव्हा त्यांनी नवाच पुरस्कार उभा केला. सुरुवातीचा पैसा जनरल फूड्स कंपनीचा होता. तो आधार सुटल्यावर १९९० मध्ये डे मॉइनचे मालवाहतूक व्यावसायिक जॉन रुआन यांनी भार उचलला आणि पुरस्कार आयोवात आला. बोरलॉग मूळचे आयोवाचेच. पुरस्काराची रक्कम बराच काळ अडीच लाख डॉलर होती, अलीकडे ती ५ लाख झाली. समारंभ ऑक्टोबरात, १६ तारखेच्या जागतिक अन्न दिनाच्या आसपास होतो.

निवडीमागचा कल यादी वाचताना लक्षात येतो : शोधनिबंधापाशी थांबलेले काम इथे सहसा पोचत नाही, बियाणे शेतात उतरलेले असावे लागते. गुरुदेव खुश आणि हेन्री बीचेल (१९९६) यांचे भाताचे काम याचा नमुना. फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत खुश यांच्या चमूला रोप खुरटवणाऱ्या एका विषाणूरोगाला दाद न देणारा भात हवा होता. सहा हजारांवर नमुने तपासले, त्यांतला एकच टिकला. तोही उत्तर प्रदेशातून गोळा केलेला जंगली भात. त्याचा गुण पुढे १९७६ च्या ‘आयआर-३६’ या वाणात उतरला आणि तो वाण आशियाभर पसरला. मक्यातल्या प्रथिनांचा कस वाढवणारे सुरिंदर वासल व एव्हान्जेलिना व्हिल्येगास (२०००), संकरित भाताचे युआन लाँगपिंग (२००४) आणि बोरलॉग यांच्यानंतर मेक्सिकोतला गव्हाचा कार्यक्रम सांभाळणारे संजय राजाराम (२०१४) याच पंक्तीतले.

ज्वारी पिकवणाऱ्या महाराष्ट्राला सगळ्यांत जवळचे वाटावे असे काम मात्र इथिओपियात जन्मलेल्या गेबिसा एजेटा यांचे आहे (२००९). आपल्याकडे ज्याला टारफुला म्हणतात, ते परोपजीवी तण आफ्रिकेत ज्वारीचा काळ ठरले होते. त्याचे बी तपकिरीसारखे बारीक, एका झाडाला हजारोंनी धरणारे आणि मातीत वर्षानुवर्षे पडून राहणारे. यजमानाच्या मुळातून पाझरणाऱ्या रसायनाची चाहूल लागली की ते उगवते, मुळाला चिकटते आणि आतला रस ओढते. टारफुला जमिनीवर दिसेपर्यंत पिकाचे बरेच नुकसान होऊन गेलेले असते. खुरपणीला त्यामुळे फारसा अर्थ उरत नाही. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात एजेटा आणि जीवरसायनशास्त्रज्ञ लॅरी बटलर यांनी ही चाहूलच हेरली. मुळातून ते रसायन कमी सोडणारी ज्वारी त्यांनी शोधली, तो गुण चांगल्या वाणांत आणला आणि १९९४ मध्ये ८ टन बियाणे आफ्रिकेतल्या अनेक देशांत पाठवले. एजेटा यांच्याकडे पुढे निवड समितीचे अध्यक्षपदही आले.

१९९८ चा पुरस्कार जालन्याला आला. मानकरी होते बद्रीनारायण बारवाले. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेच्या ‘पुसा सावनी’ भेंडीपासून त्यांनी बियाण्याच्या धंद्याला सुरुवात केली. केवडा रोगाने भेंडी पिवळी पडून जात असे, त्या काळात हा वाण तग धरणारा होता. १९६४ मध्ये त्यांनी महाराष्ट्र हायब्रिड सीड्स कंपनी, म्हणजे महिको, काढली. त्यांचा खरा हातखंडा शेतकऱ्यांकडूनच बीजोत्पादन करून घेण्यात होता. संकरित कपाशीच्या प्लॉटमध्ये हे काम संध्याकाळी सुरू होते : उद्या उमलणारी कळी ओळखायची, पाकळ्या सोलून नखाने पुंकेसर काढायचे, खूण बांधायची. सकाळी नर ओळीतले फूल आणून त्याचा पराग त्या मादी फुलावर फिरवायचा. एकेक बोंड असे हाताने घडते आणि या कामाचा मोठा वाटा बायकांचा असतो. पुरस्कारपत्रात अर्थातच त्यांची नावे येत नाहीत.

पुरस्कारावर सर्वांत मोठे वादळ २०१३ मध्ये उठले. मार्क व्हॅन माँटागू, मेरी-डेल चिल्टन आणि रॉबर्ट फ्रेली यांना वनस्पतींत परके जनुक घालण्याच्या तंत्राबद्दल तो मिळाला. झाडांवर गाठी आणणारा अ‍ॅग्रोबॅक्टेरियम हा जीवाणू आपल्या डीएनएचा तुकडा झाडाच्या पेशीत सोडतो. त्या तुकड्यात हवे ते जनुक बसवायचे, ही मूळ युक्ती. विज्ञान म्हणून ती थोरच. पण फ्रेली हे अशी जनुकबदल बियाणी विकणाऱ्या मॉन्सँटो कंपनीचे वरिष्ठ अधिकारी आणि चिल्टन सिंजेंटा या दुसऱ्या बियाणे कंपनीत होत्या. शिवाय मॉन्सँटोने २००८ मध्ये पुरस्कार संस्थेच्या इमारतीसाठी ५० लाख डॉलर दिले होते. टीकाकारांनी नेमके हेच पुढे केले. निवड आणि देणगी यांचा संबंध नाही, असे संस्थेचे म्हणणे होते. तरी अशा देणगीनंतर अशी निवड करताना गवगवा होणार हे ओळखायला हवे होते. बारवाल्यांच्या महिकोनेच २००२ मध्ये मॉन्सँटोच्या तंत्राचा बीटी कापूस भारतात आणला असल्याने विदर्भ-मराठवाड्यात हा वाद परका नव्हता.

चाळिशीच्या आतल्या संशोधकांसाठी २०१२ पासून बोरलॉग यांच्या नावाने वेगळा पुरस्कार दिला जातो. पहिल्या मानकरी भूजल अभ्यासक अदिती मुखर्जी. २०२३ मध्ये तो ओडिशाच्या स्वाती नायक यांना मिळाला. दुष्काळात तगणारे ‘सहभागी धान’ हे भाताचे वाण मयूरभंजच्या आदिवासी शेतकरी बायकांपर्यंत त्यांनी पोचवले. गावोगावी त्यांना ‘बिहन दीदी’, म्हणजे बियाणेवाली ताई, म्हणतात.