‘अंपायर्स कॉल’मागचा अर्धा चेंडू

२७ ऑक्टोबर २०२३ रोजी चेन्नईत झालेला विश्वचषकातील पाकिस्तान-दक्षिण आफ्रिका सामना शेवटच्या जोडीपर्यंत ताणला गेला, तेव्हा आफ्रिकेला विजयासाठी आठ धावा हव्या होत्या आणि हाती एकच गडी उरला होता. पाकिस्तानच्या वेगवान गोलंदाजाचा चेंडू अकराव्या क्रमांकाच्या फलंदाजाच्या पॅडवर आदळला, पंचांनी अपील फेटाळले, रिव्ह्यू घेतला गेला, म्हणजे त्या निर्णयाला आव्हान दिले गेले, आणि पडद्यावर चेंडू लेग स्टंपला चाटून जाताना साऱ्यांनी पाहिला. तरीही निर्णय ‘नाबाद’च राहिला आणि आफ्रिकेने सामना एका गड्याने जिंकला. चार महिन्यांनी, फेब्रुवारी २०२४ मध्ये, राजकोट कसोटी ४३४ धावांनी गमावल्यानंतर इंग्लंडच्या कर्णधाराने ‘अंपायर्स कॉल’, म्हणजे चेंडू यष्टीला जेमतेम चाटत असेल तर पंचांचा मूळ निर्णयच कायम ठेवण्याची तरतूद, काढून टाकावी अशी जाहीर मागणी केली. त्याच्या सलामीवीराला याच तरतुदीने बाद ठरवले होते. एका सामन्यात तरतुदीने फलंदाज वाचला, दुसऱ्यात गेला, आणि तक्रार दोन्हीकडून आली. हे दोन शब्द खेळात आले कसे, हे पाहिल्याशिवाय या तक्रारींचे वजन कळत नाही.

पायचीतचा, म्हणजे यष्टीवर जाणारा चेंडू पायाने अडवल्यास फलंदाज बाद ठरण्याचा नियम १७७४ पासून लिखित आहे आणि ऑफ स्टंपबाहेर टप्पा पडलेल्या चेंडूवरही फलंदाज बाद होऊ शकतो हा बदल १९३७ मध्ये नियमात आला. या सगळ्या काळात एक संकेत अबाधित होता: संशयाचा फायदा फलंदाजाला. पंचांना खात्री नसेल तर बोट वर जात नसे. नोव्हेंबर १९९२ मध्ये डर्बन कसोटीत पडद्यावरील चित्रफीत पाहून प्रथमच निर्णय दिला गेला. त्या पहिल्या निर्णयाने धावबाद झालेला तरुण फलंदाज भारताचा होता, आणि त्याचे नाव मराठी वाचकाला सांगावे लागू नये. पण धावबादचा प्रश्न साधा असतो, कारण बॅट आणि रेष या दोन्ही गोष्टी डोळ्यांसमोर असतात. पायचीतमध्ये मात्र जे घडलेच नाही त्याचा निवाडा करायचा असतो. पॅड मध्ये आले नसते तर चेंडू कुठे गेला असता, हा प्रश्न कॅमेऱ्याने सुटणारा नाही. त्यासाठी अंदाज बांधावा लागतो.

हा अंदाज बांधणारी यंत्रणा २००१ पासून इंग्लंडमधील प्रक्षेपणात दिसू लागली होती, परंतु तेव्हा ती केवळ प्रेक्षकांच्या करमणुकीसाठी होती. घरी बसलेल्या माणसाला जे दिसते ते मैदानातील पंचांना दिसू नये, ही विसंगती फार काळ टिकणारी नव्हती. जानेवारी २००८ मधील सिडनी कसोटीत पंचांच्या चुकांवरून वातावरण इतके तापले की त्याच वर्षी जुलैमध्ये भारताच्या श्रीलंका दौऱ्यात खेळाडूंना निर्णयाला आव्हान देण्याची मुभा प्रयोगादाखल मिळाली, तेव्हा ती अनेकांना उशिराच मिळाल्यासारखी वाटली. प्रत्येक डावात तीन अयशस्वी आव्हानांची सोय होती. श्रीलंकेने ती हुशारीने वापरली, तर संपूर्ण मालिकेत भारताचे एकच आव्हान यशस्वी ठरले. पुढील आठ वर्षे भारतीय क्रिकेटची धुरा वाहणाऱ्यांनी या पद्धतीला जो विरोध केला, त्यात तत्त्व किती आणि त्या तीन कसोट्यांची कडू आठवण किती, हे वेगळे काढणे अवघड आहे.

नोव्हेंबर २००९ मध्ये न्यूझीलंडमधील ड्युनेडिन येथे आव्हानाची ही पद्धत अधिकृतपणे सुरू झाली आणि २०११ च्या विश्वचषकात ती पहिल्यांदा कोट्यवधी लोकांसमोर आली. २७ फेब्रुवारी २०११ रोजी बंगळुरूत भारत आणि इंग्लंड दोघांच्याही ३३८ धावा होऊन सामना बरोबरीत सुटला. त्या सामन्यात इंग्लंडच्या एका फलंदाजाविरुद्धचे पायचीतचे अपील पंचांनी फेटाळले, भारताने रिव्ह्यू घेतला आणि मैदानातील मोठ्या पडद्यावर चेंडू यष्टींवर जाताना स्पष्ट दिसला. परंतु पॅड आणि यष्टी यांतील अंतर अडीच मीटरपेक्षा जास्त होते आणि एवढ्या अंतरावर यंत्राच्या अंदाजावर पूर्ण विसंबू नये, असे कलम होते. ते प्रेक्षकांना तर सोडाच, अनेक खेळाडूंनाही ठाऊक नव्हते. फलंदाज नाबाद राहिला. भारताच्या तेव्हाच्या कर्णधाराने माणूस आणि यंत्र यांच्या या भेसळीवर उघड नाराजी व्यक्त केली आणि स्पर्धा चालू असतानाच पंचांसाठीच्या सूचना बदलाव्या लागल्या. या प्रसंगाचे एवढे वर्णन अशासाठी की आजच्या साऱ्या वादाचे बीज त्यात आहे: यंत्र एक दाखवते, निर्णय दुसराच लागतो आणि कारण नियमपुस्तिकेच्या पोटात असते.

त्याच वर्षी भारत इंग्लंडमध्ये खेळला तेव्हा चेंडूचा मार्ग दाखवणारी यंत्रणा बाजूला ठेवून उरलेली पद्धत वापरण्याची विचित्र तडजोड झाली. परिणामी पायचीतच्या निर्णयांना आव्हानच देता येत नव्हते. भारताने पूर्ण पद्धत स्वीकारली ती नोव्हेंबर २०१६ मध्ये, आणि तीही राजकोटच्याच मैदानावर, इंग्लंडविरुद्धच. सव्वासात वर्षांनी त्याच मैदानावर इंग्लंडचा कर्णधार तक्रार करत होता.

आता मूळ शब्दाकडे. ‘अंपायर्स कॉल’चे मराठीत ‘पंचांचा कौल’ असे भाषांतर होते आणि ते दिशाभूल करणारे आहे, कारण त्या क्षणी पंच कौल देत नाहीत. त्यांनी आधीच दिलेला निर्णय मोडला जात नाही, एवढेच. पडद्यावर अंपायर्स कॉलची नारिंगी पट्टी दिसताच बहुतेक प्रेक्षक ‘वाचला’ असे म्हणतात, पण मूळ निर्णय बाद असेल तर त्याच पट्टीने फलंदाज तंबूत जातो. शिवाय ही सवलत सर्वत्र नाही. चेंडूचा टप्पा लेग स्टंपबाहेर पडला की नाही, याला अंपायर्स कॉल लागू नाही; तिथे चेंडूचा मध्य रेषेच्या कोणत्या बाजूला आहे एवढेच पाहतात. पॅडला चेंडू कुठे लागला आणि तो यष्टीला लागला असता का, या दोन प्रश्नांनाच ती लागू होते. यांतील दुसरा प्रश्न भाकिताचा आहे, त्यामुळे तिथे शंकेला जागा ठेवणे समजते. पहिला प्रश्न मात्र प्रत्यक्ष घडलेल्या गोष्टीचा आहे. टप्पा मोजता येतो तर पॅडवरचा आघात का मोजता येऊ नये, याचे समाधानकारक उत्तर प्रस्तुत लेखकाच्या वाचनात कधी आलेले नाही.

शंकेची जागा किती मोठी असावी, हा खरा वादाचा मुद्दा. नाबादचा निर्णय फिरवायचा असेल तर निदान अर्धा चेंडू यष्टीच्या क्षेत्रात आदळायला हवा. चेंडूचा व्यास सुमारे ७.२ सेंटिमीटर, म्हणजे अर्धा चेंडू ३.६ सेंटिमीटर. तिन्ही यष्टींची मिळून रुंदी २२.८६ सेंटिमीटर, म्हणजे चेंडूच्या परिघाएवढीच, हा एक गमतीचा योगायोग. चेंडूचा मध्यबिंदू साधारण ३० सेंटिमीटरच्या पट्ट्यात कुठेही असला तरी चेंडू यष्टीला लागतोच. त्या पट्ट्यापैकी दोन्ही कडांचा मिळून सात सेंटिमीटरहून थोडा अधिक, म्हणजे जवळपास पाव भाग, अंपायर्स कॉलचा आहे. टेनिसमध्ये याच यंत्रणेची सरासरी चूक सुमारे ३.६ मिलिमीटर असल्याचे सांगितले जाते. तिथे भाकीत करावे लागत नाही आणि क्रिकेटमध्ये करावे लागते, हा फरक मोठा आहे, हे मान्य. पण मिलिमीटरचे सेंटिमीटर, म्हणजे थेट दहापट, व्हावेत इतका तो मोठा आहे का?

दुसरी अडचण याहून सूक्ष्म आहे. कॅमेरे टप्पा पडल्यापासून पॅडला लागेपर्यंतचा चेंडूचा प्रवास टिपतात आणि त्यावरून पुढचा मार्ग आखतात. हा प्रवास जितका आखूड तितका अंदाज कच्चा. पॅड यष्टीपासून जितके दूर तितकी चूक वाढत जाणार. म्हणजे पुढे पाय टाकून खेळलेल्या चेंडूविषयी आणि यष्टीसमोर उभ्या असलेल्या फलंदाजाच्या पॅडवर लागलेल्या चेंडूविषयी यंत्राची खात्री सारखी असूच शकत नाही. तरीही बहुतेक वेळा दोघांना तीच अर्ध्या चेंडूची सूट मिळते. अडीच मीटरचे ते बदनाम कलम निदान हा फरक ओळखत होते. शंका मोजून सूट ठरवलेली नाही, सूट ठरवून तिला शंकेचे नाव दिले आहे, असे म्हणावेसे वाटते ते यामुळे.

सूट मोजून ठरलेली नसल्याचा आणखी पुरावा म्हणजे ती समित्यांच्या बैठकांत बदलत गेली. २०१६ पर्यंत यष्टीचे क्षेत्र ऑफ आणि लेग स्टंपच्या मध्यापर्यंतच धरले जाई, त्यामुळे नारिंगी भाग एकूण पट्ट्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही अधिक होता. त्या वर्षीच्या बदलाने क्षेत्र यष्टींच्या बाहेरच्या कडांपर्यंत नेले, म्हणजे प्रत्येक बाजूला सुमारे १.८ सेंटिमीटरची भर पडली. २०१७ मध्ये अंपायर्स कॉल आल्यास संघाचा रिव्ह्यू वाया जाणार नाही, असे ठरले. ही सुधारणा निःसंशय चांगली होती, पण ‘तुम्ही चुकलात असे नाही, बरोबर आहात असेही नाही’ हा तिसराच निकाल तिने अधिकृत केला. मार्च २०२१ मध्ये भारताच्या तेव्हाच्या कर्णधाराने, चेंडू यष्टीला लागत असेल तर तो बाद असावा, मग आवडो वा न आवडो, अशी भूमिका मांडली. थोड्याच दिवसांत जागतिक संस्थेने अंपायर्स कॉल कायम ठेवला आणि उंचीकडील मर्यादा किंचित वर सरकवली, जेणेकरून रुंदी आणि उंची यांतील सूट सारखी व्हावी.

कायम ठेवण्याची बाजू पोकळ नाही, हे सांगायला हवे. भाकीत शंभर टक्के अचूक नसते. चाटून जाणारा प्रत्येक चेंडू बाद ठरला तर फिरकीच्या खेळपट्ट्यांवर कसोट्या तीन दिवसही चालणार नाहीत, अशी भीती आहे. आणि पंचांचा अधिकार टिकावा ही अपेक्षाही रास्त आहे. मात्र हा शेवटचा युक्तिवाद पुढे दुबळा झाला. मार्च २०२१ मध्ये अहमदाबादच्या टी-ट्वेंटी सामन्यात सीमारेषेजवळच्या झेलावर ‘सॉफ्ट सिग्नल’मुळे, म्हणजे तिसऱ्या पंचांकडे प्रकरण पाठवताना मैदानावरील पंचांनी दिलेल्या प्राथमिक मतामुळे, भारतीय फलंदाज बाद ठरला आणि मोठा गहजब झाला; जून २०२३ पासून सॉफ्ट सिग्नल रद्द झाला. शंका असताना मैदानावरील पंचांच्या पहिल्या मताला झुकते माप द्यावे, हे तत्त्व झेलासाठी सोडून दिले गेले आणि पायचीतसाठी राखले गेले. उलट डिसेंबर २०२४ च्या मेलबर्न कसोटीत बॅटला चेंडू लागल्याचा आवाज टिपणाऱ्या आलेखावर ठिपकाही उमटलेला नसताना तिसऱ्या पंचांनी चेंडूची बदललेली दिशा डोळ्यांनी पाहून भारतीय सलामीवीराला ८४ धावांवर झेलबाद दिले. मैदानावरील पंचांनी त्याला नाबाद ठरवले होते. तिथे यंत्राला बाजूला सारायला माणसाचा डोळा पुरला.

२०१९ च्या हेडिंग्ले कसोटीत तर यंत्राचा उपयोगच उरला नव्हता: ऑस्ट्रेलियाने आदल्याच षटकात शेवटचा रिव्ह्यू उधळला होता, पुढे टप्पा, आघात आणि यष्टी अशा तिन्ही कसोट्यांवर यंत्राने लाल, म्हणजे बाद, दाखवलेल्या चेंडूवर पंच हलले नाहीत आणि इंग्लंडने सामना एका गड्याने जिंकला. त्याचा दोष मात्र पद्धतीच्या माथी मारता येणार नाही.

चेन्नईच्या त्या सामन्यात पाकिस्तानचे पाठीराखे शेवटच्या जोडीच्या निर्णयावर चिडले ते स्वाभाविकच होते. पण त्याच डावात आधी आफ्रिकेच्या मधल्या फळीतील एका फलंदाजाला पंचांनी पायचीत दिले होते, त्याने रिव्ह्यू घेतला होता, पडद्यावर आधी अपूर्ण आकृती आणि मग पूर्ण आकृती दाखवली गेली होती, आणि निकाल आला होता तो अंपायर्स कॉलच. २१ धावांवर तो परत गेला होता.