‘बाबा बर्मात होते’: एका वाक्यामागचा हवाई दलाचा इतिहास

दुसऱ्या महायुद्धात हवाई दलात असलेल्या माणसाच्या घरी आज सहसा तीन गोष्टी सापडतात: गणवेशातला फोटो, डबीतले ‘बर्मा स्टार’ हे पदक आणि ‘बाबा बर्मात होते’ हे वाक्य. तिन्हींत कच्चे असते ते वाक्य. हा स्टार ११ डिसेंबर १९४१ ते २ सप्टेंबर १९४५ या काळातल्या सेवेसाठी होता, पण १ मे १९४२ पासून बंगाल आणि आसाममधली सेवाही त्यात धरली गेली. त्यामुळे चितगावच्या तळावर इंजिने उघडण्यात युद्ध गेलेला मेकॅनिक बर्माची सीमा न ओलांडताही हे पदक मिळवू शके.

पदकावरून ठिकाण कळत नसले, तरी सैनिकाचा सेवाक्रमांक कळू शकतो. भारतीय सैनिकांना दिलेल्या पदकांच्या कडेवर क्रमांक आणि नाव कोरलेले असे. भिंग आणि तिरपा उजेड पुरतो. ब्रिटिशांना मिळालेली त्या युद्धाची पदके मात्र कोरी असतात, तिथे पगारपुस्तक, गळ्यातला बिल्ला किंवा जुन्या पाकिटावरचा पत्ता पाहावा लागतो. क्रमांकाशिवाय पुढे जाणे अवघड आहे, कारण एकाच आडनावाचे आणि आद्याक्षरांचे डझनभर जण निघतात. आणखी एक अडचण बहुतेकांच्या लक्षात येत नाही. साधा एअरमन म्हणून भरती होऊन पुढे कमिशन मिळालेल्याला अधिकारी म्हणून नवा क्रमांक मिळे. कागद दोन क्रमांकांखाली विभागलेले असतात आणि एकच मागितला तर अर्धी कारकीर्द हाती येते.

रॉयल एअर फोर्सच्या एअरमनची सेवानोंद फॉर्म ५४३ वर आणि अधिकाऱ्याची फॉर्म १४०६ वर असे. या नोंदी ब्रिटनच्या संरक्षण मंत्रालयाकडून २०२२ पासून लंडनजवळ क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागाराकडे टप्प्याटप्प्याने जात आहेत. अर्जाला पूर्ण नाव, जन्मतारीख, क्रमांक आणि मृत्यूचा दाखला लागतो. येणाऱ्या कागदाने मात्र निराशा होण्याची शक्यता जास्त. युनिटचे संक्षिप्त नाव, तारीख, बढती, आणि बस्स. ‘३२० एमयू’ म्हणजे कराचीजवळच्या ड्रिघ रोडचे देखभाल युनिट, हे आपले आपणच उलगडायचे. ब्रिटनमधली शेवटची नोंद आणि भारतातली पहिली यांत दोनेक महिन्यांची पोकळी दिसली तर गूढ काही नसते. १९४३ मध्ये भूमध्य समुद्र खुला होईपर्यंत सैन्याची जहाजे आफ्रिकेला वळसा घालून मुंबईला येत. पुढे वरळीची छावणी आणि तिथून रेल्वेने नेमणुकीच्या जागी.

नोंदी अशा तुटक का, हे समजायला १९४२ कडे जावे लागते. १५ फेब्रुवारीला सिंगापूर पडले. ८ मार्चला रंगून गेले आणि त्याच दिवशी जावात शरणागती झाली. २१ आणि २२ मार्चला मागवेच्या तळावर जपानी हल्ले झाले आणि बर्मातले उरलेसुरले हवाई दल विस्कटले. पळापळीत स्क्वॉड्रनच्या नोंदवह्या जाळल्या गेल्या, बुडाल्या किंवा मागे राहिल्या. काही नंतर आठवणीवर लिहून काढल्या आहेत, म्हणून या महिन्यांतल्या तारखा आणि नावे दुसऱ्या कागदाशी ताडल्याशिवाय धरू नयेत. जावात पकडल्या गेलेल्यांत विमाने हातची गेलेले जमिनीवरचे कर्मचारी मोठ्या संख्येने होते. अशा माणसाच्या सेवानोंदीत साडेतीन वर्षे जवळपास कोरी असतात; ती भरायला क्यू येथील डब्ल्यूओ ३४५ ही जपान्यांनी ठेवलेल्या युद्धकैद्यांच्या कार्डांची मालिका आणि डब्ल्यूओ ३४४ ही सुटकेनंतरच्या प्रश्नावल्यांची मालिका पाहावी.

नोव्हेंबर १९४३ मध्ये माउंटबॅटन यांची आग्नेय आशिया कमांड उभी राहिली आणि पाठोपाठ हवाई दलाचीही फेरमांडणी झाली. इथे नकाशा फसवतो. अनेक स्क्वॉड्रन हाताखाली असलेल्या २२१ ग्रुपचे मुख्यालय आधी कलकत्त्याला होते, डिसेंबर १९४३ मध्ये ते इंफाळला गेले. म्हणजे ‘२२१ ग्रुप’ याच शब्दांचा अर्थ तारखेनुसार हुगळीकाठ किंवा मणिपूर. आराकान, म्हणजे बर्माचा पश्चिम किनारा, २२४ ग्रुपकडे होता. तिथल्या कच्च्या धावपट्ट्यांना दिलेली नावे तर आणखी घोळ घालतात: ‘होव्ह’ हे इंग्लंडच्या किनाऱ्यावरचे गाव वाचून वडील रजेवर घरी गेले असावेत असे वाटते, प्रत्यक्षात ती आराकानमधली पट्टी. कलकत्त्यात तर मैदानातला रेड रोडच हरिकेन विमानांची धावपट्टी झाला होता.

युनिट आणि तारीख जुळली की नोंदवही उघडायची. क्यू येथील एअर २७ या मालिकेत स्क्वॉड्रनच्या वह्या आहेत आणि त्या घरबसल्या उतरवून घेता येतात. तळांसाठी एअर २८, देखभाल आणि इतर युनिटांसाठी एअर २९. प्रत्येक वहीत दोन प्रकारची पाने असतात: फॉर्म ५४० वर महिन्याचा दिवसवार गोषवारा, फॉर्म ५४१ वर प्रत्येक उड्डाणाचा तपशील, विमानाचा क्रमांक आणि वैमानिकांची नावे. फिटर, आर्मरर, वायरलेस मेकॅनिक यांची नावे जवळजवळ कधीच येत नाहीत. त्यातच १९४४ मध्ये अनेक स्क्वॉड्रनांपासून जमिनीवरची माणसे अलग करून त्यांचे स्वतंत्र सर्व्हिसिंग एशेलॉन, म्हणजे देखभालीच्या तुकड्या, केले गेले. विमाने पुढे गेली, माणसे मागच्या तळावर किंवा दुसऱ्याच स्क्वॉड्रनच्या दिमतीला. फक्त स्क्वॉड्रनची वही वाचून वडिलांचा मार्ग आखणाऱ्यांची चूक नेमकी इथे होते.

भारतीय हवाई दलाची वाट वेगळी. ८ ऑक्टोबर १९३२ रोजी स्थापना, १ एप्रिल १९३३ रोजी ड्रिघ रोडला पहिली तुकडी: ६ अधिकारी, १९ हवाई सिपाही आणि ४ वापिटी विमाने. युद्ध सुरू झाल्यावर स्वयंसेवक राखीव दलातून किनारा संरक्षण फ्लाइट, म्हणजे स्क्वॉड्रनपेक्षा लहान तुकड्या, उभ्या राहिल्या. त्यांतली क्रमांक २ मुंबईला, जुहूच्या धावपट्टीवर होती. नोंदीची सुरुवात जुहूला होत असेल तर ती या फ्लाइटची असू शकते. १९४२ अखेरीपर्यंत या फ्लाइट मोडल्या आणि माणसे नव्या स्क्वॉड्रनांत वाटली गेली. अर्जन सिंग यांच्या नेतृत्वाखालची क्रमांक १ स्क्वॉड्रन १९४४ मध्ये वेढलेल्या इंफाळमधून हरिकेन उडवत होती. मार्च १९४५ मध्ये दलाच्या नावामागे ‘रॉयल’ लागले, म्हणून त्याआधीच्या कागदावर तो शब्द नसणे योग्यच आहे. भारतीय एअरमनच्या कागदांसाठी दिल्लीच्या सुब्रोतो पार्क येथील हवाई दल अभिलेख कार्यालय, आणि युनिटांच्या इतिहासासाठी संरक्षण मंत्रालयाचा इतिहास विभाग.

मृत्यू झाला असेल तर कबरीचे ठिकाण मृत्यूचे ठिकाण समजू नये. पुण्याजवळच्या खडकी युद्ध दफनभूमीत त्या युद्धातल्या १,६६८ कबरी आहेत आणि त्यांतल्या अनेक, जिथे कायमची देखभाल शक्य नव्हती अशा पश्चिम आणि मध्य भारतातल्या स्मशानांतून हलवून आणलेल्या आहेत. देह न सापडलेल्या हवाई सैनिकांची नावे सिंगापूरच्या क्रांजी स्मारकावर सापडतात, मग विमान बंगालच्या उपसागरात पडलेले का असेना.

युद्ध संपले तरी सेवानोंद थांबत नाही. जानेवारी १९४६ मध्ये घरी पाठवण्यातल्या दिरंगाईवरून कराचीपासून सिंगापूरपर्यंत ब्रिटिश एअरमननी काम बंद केले होते, आणि सेवेतून सुटका झाल्याची तारीख त्याच वर्षाच्या शेवटाकडची असणे नवल नाही. भारतीय क्रमांक ४ स्क्वॉड्रन तर १९४६ मध्ये स्पिटफायर विमानांसह जपानचा ताबा घेतलेल्या दोस्त सैन्याबरोबर तिकडे गेली. अल्बमात जपानी पाट्यांसमोर हसत उभे असलेले वडील दिसले, तर कैदेची शंका घेण्याआधी ही नेमणूक तपासावी.