चिकित्सक वंशसिद्धांत

कायदा वरवर सर्वांना सारखा असूनही त्यातून विषमता कशी टिकते, याचा शोध घेणारी अमेरिकी विधिअभ्यासातील विचारधारा. नागरी हक्कांचे कायदे झाले, तरी कृष्णवर्णीयांचे जगणे फारसे का बदलले नाही, या प्रश्नातून ती 1970 च्या दशकात आकाराला आली. डेरिक बेल, ॲलन फ्रीमन, रिचर्ड डेलगाडो, किम्बर्ली क्रेनशॉ ही तिच्यातील ठळक नावे. वंश ही निसर्गाची देणगी नसून समाजाने आणि कायद्याने घडवलेली वर्गवारी आहे, असे हे अभ्यासक मानतात.

शाळांतील वर्णविभाजन घटनाबाह्य ठरवणारा 1954 चा निकाल निव्वळ न्यायबुद्धीतून आला नाही, असे बेल यांनी 1980 मध्ये मांडले. शीतयुद्धाच्या काळात अमेरिकेची जगातील पत सावरणे गोऱ्या सत्ताधाऱ्यांच्याही हिताचे होते. क्रेनशॉ यांनी 1989 मध्ये एका मोटार कंपनीविरुद्धचा खटला तपासला. कंपनीने 1964 पूर्वी कृष्णवर्णीय स्त्रियांना नोकरीच दिली नव्हती. पुढे कपात करताना ‘शेवटी आलेला आधी जाईल’ हा नियम लावला. नियमात वर्णाचा उल्लेख नाही, बाईचाही नाही. घरी मात्र त्याच गेल्या. कृष्णवर्णीय पुरुष आणि गोऱ्या स्त्रिया कामावर आहेत, मग भेदभाव कसला, असे न्यायालयाचे म्हणणे पडले.

जात म्हणजे वंश नव्हे. युरोपीय अभ्यासकांनी जातीच्या संदर्भात रंगाला अवाजवी महत्त्व दिले, असे डॉ. आंबेडकरांनी 1916 मध्ये अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठातच सांगितले होते. त्यामुळे हा सिद्धांत मराठवाड्यातल्या जातीच्या प्रश्नाला जसाच्या तसा लावता येत नाही. त्याची प्रश्न विचारण्याची रीत मात्र इथे चपखल बसते. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचे नाव देण्याचा, म्हणजे नामांतराचा, ठराव विधिमंडळाने 27 जुलै 1978 रोजी केला. पाठोपाठ दलित वस्त्यांवर हल्ले झाले, आणि नामविस्तार व्हायला 14 जानेवारी 1994 उजाडले.

त्याहून बोलके उदाहरण गायरानाचे. गावच्या गुरांसाठी राखलेली ही पडीक जमीन भूमिहीन दलित कुटुंबांनी दगड वेचून वहितीखाली आणली. दादासाहेब गायकवाडांचे भूमिहीनांचे सत्याग्रह, पुढे बीड भागात एकनाथ आवाड यांचे काम, या रेट्यामागून शासनाचे निर्णय आले. 1991 च्या निर्णयाने 14 एप्रिल 1990 पूर्वीची अतिक्रमणे नियमित करण्याची वाट उघडली. पण आपण तेव्हापासून कसतो, हे दाखवायचे कशाने? गाव नमुना 1-ई या तलाठ्याच्या नोंदवहीतली अतिक्रमणाची नोंद किंवा भरलेल्या दंडाची पावती दाखवून. म्हणजे हक्क मागण्यासाठी आधी कागदोपत्री गुन्हेगार ठरलेले असावे लागते! आणि ती नोंद करायची तलाठ्याने. तो बांधावर आलाच नाही, किंवा गावातल्या वजनदार माणसाच्या ओट्यावरूनच परतला, तर वीस वर्षांची वहिवाट कागदावर उतरतच नाही. निर्णयाच्या मजकुरात खोट काढता येत नाही. गोम नोंदवहीत असते.

सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये गावाच्या सामायिक जमिनींवरील अतिक्रमणे हटवण्याचे आदेश दिले, तेव्हा भूमिहीन मजूर, अनुसूचित जाती आणि जमातींना शासनाने रीतसर दिलेल्या जमिनींचा अपवाद ठेवला. अपवादाचा आधार घ्यायचा तर पुन्हा कागदच दाखवावा लागतो. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबाचे दार पंचनाम्याच्या दिवशी बंद असते. पावती नवऱ्याच्या नावे असेल आणि तो हयात नसेल, तर वावर कसणाऱ्या बाईला आधी वारस म्हणून आणि मग कसणारी म्हणून, असे दोनदा सिद्ध व्हावे लागते.