हाताला कळणारा घट्टपणा

नागपूरच्या महाल भागातल्या एका सायकल दुरुस्तीच्या दुकानात मागचे चाक परत बसवताना मी पान्यावर पाय देणार, तेवढ्यात दुकानदाराने हटकले, "लय नका आवळू भाऊ, आटे जातीन." आदल्याच आठवड्यात उड्डाणपुलाच्या चढावर हेच चाक तिरके होऊन टायर फ्रेमच्या डाव्या नळीला घासत थांबला होता, त्यामुळे मला हा सल्ला उलटाच वाटला. घरी येऊन हिशेब मांडला, तेव्हा त्याचे म्हणणे पटले आणि माझे चाक का सरकले तेही समजले.

नट फिरवल्यावर एक्सलचा, म्हणजे चाकाच्या मधोमध असलेल्या दांड्याचा, नटाजवळचा तुकडा किंचित ताणला जातो. ताणलेले पोलाद स्प्रिंगसारखे आखडू पाहते आणि त्या ओढीने फ्रेमची पट्टी आतल्या व बाहेरच्या नटांमध्ये चिमटली जाते. चाक जागेवर राहते ते या ओढीमुळे. मात्र आपण पान्यावर लावलेल्या जोरापैकी जेमतेम दहावा हिस्सा हा ताण निर्माण करण्यात खर्च होतो. जवळपास निम्मा जोर नट आणि वायसर यांच्या घर्षणात जातो आणि उरलेला आट्यांमधल्या घर्षणात. हाताला जो घट्टपणा कळतो तो बहुतांशी घर्षणाचा असतो, आणि तिथेच माझी फसगत झाली होती.

नट असलेल्या मागच्या चाकासाठी साधारण 30 ते 45 न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे पान्यावरचा जोर गुणिले पान्याची लांबी, सांगितला जातो. 15 सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला 20 किलो वजन टांगले, तर 30 न्यूटन-मीटर होतात. आपल्याकडच्या साध्या सायकलींना असतो तशा सुमारे साडेनऊ मिलिमीटर जाडीच्या एक्सलवर, आटे स्वच्छ आणि कोरडे असतील, तर एवढ्या टॉर्कने अंदाजे 1600 किलो वजनाइतका ताण येतो. आटे गंजलेले असले, तर तेवढ्याच जोरात ताण हजार किलोच्या आसपास अडकतो. उलट तेलाचा थेंब सोडला, तर तो 2000 किलोच्या पुढे जातो. हाताला मात्र तिन्ही नट सारखेच घट्ट लागतात.

आता चाकाला ओढणाऱ्या बलाकडे पाहू. 70 किलो वजनाचा माणूस चढावर पेडलवर उभा राहिला की 170 मिलिमीटर लांबीच्या क्रँकमुळे (पेडलच्या दांडीमुळे) आणि 48 दात्यांच्या चक्रामुळे चेनवर सुमारे 120 किलोची ओढ येते. चेन उजव्या बाजूला असल्यामुळे यातला बराचसा भार, जवळजवळ 100 किलो, उजव्या नटाजवळच्या पकडीवर पडतो. ही पकड पट्टीच्या दोन्ही तोंडांवरच्या घर्षणाची असते. पोलादावर पोलादाच्या घर्षणाचा गुणांक 0.15 धरला, तर 1600 किलो ताणाला पकड 480 किलोची मिळते, म्हणजे गरजेच्या जवळजवळ पाचपट. पण घाईत, गंजलेल्या आट्यांवर, 10 न्यूटन-मीटरवरच हात थांबला तर पकड उरते 107 किलोच्या आसपास. त्यात हँडल खेचून पेडलला एक हिसका द्या: एक्सलचे उजवे टोक पुढे सरकते, चाकाचा पुढचा भाग डावीकडे वळतो आणि टायर फ्रेमला टेकतो. माझ्या बाबतीत घडले ते नेमके हेच असावे.

मग पाय देऊन आवळण्यात गैर काय? पान्याला नळी घालून तो 40 सेंटिमीटर लांब केला, तर त्याच 20 किलो जोरात 80 न्यूटन-मीटर होतात आणि ताण 4000 किलोच्या वर जातो. साध्या पोलादाच्या एक्सलच्या आट्यांना तो सोसत नाही. असा नट शेवटी अचानक हलका फिरू लागतो. तो हलकेपणा ज्याने एकदा अनुभवला आहे, तो पुन्हा पान्यावर पाय ठेवत नाही. जास्त आवळल्याने छर्रे जाम होतात, हा समज मात्र नटाच्या एक्सलला लागू नाही, कारण ताण येतो तो लॉकनट (आतला नट) आणि बाहेरचा नट यांच्यामधल्या तुकड्यावर. छर्रे असतात त्याच्या आत.

या सगळ्यात मला सर्वांत नवल वाटले ते ताणाच्या मापाचे. सेंटिमीटरभर लांबीचा तो तुकडा 1600 किलो ओढीखाली वाढतो फक्त 0.014 मिलिमीटर. फ्रेमवरच्या रंगाचा थर याहून कितीतरी जाड असतो. नव्या सायकलीचा रंग नटाखाली थोडा दबला, गंजाचा पापुद्रा चुरला, तरी हा इवलासा ताण बराचसा निघून जातो आणि नट जागचा न हलताही पकड सैल होते. नवी सायकल घेतल्यावर आठवड्याभराने नट पुन्हा तपासायचे ते यासाठी.

नट खरोखर फिरून सुटण्याचे कारण वेगळे आहे. जर्मन अभियंता गेरहार्ड युंकर यांनी 1969 साली दाखवून दिले, की बोल्टच्या आडव्या दिशेने बसणारे वारंवार धक्के जोडाला किंचित सरकवू लागले, की आट्यांमधले घर्षण त्या क्षणापुरते निकामी होते आणि नट आपोआप उलटा फिरू लागतो. नागपूरच्या सिमेंट रस्त्यांच्या सांध्यांवरून जाताना चाकाला बसणारा प्रत्येक दणका एक्सलला आडवाच असतो. ताण पुरेसा असेल, तर जोड सरकत नाही आणि हे चक्र सुरूच होत नाही. मे महिन्यातल्या 45 अंशांच्या उन्हाला उगाच दोष दिला जातो. एक्सल, नट आणि फ्रेम तिन्ही पोलादाची असतील, तर ती सारखीच प्रसरण पावतात आणि ताणात फरक पडत नाही.

पुढच्या खेपेला दुकानात गेलो तेव्हा आटे ब्रशने साफ करून घेतले, दोन्ही नट आलटून पालटून थोडे थोडे आवळले आणि मग दुकानदाराचा पाना हातात घेऊन टेपने मोजला. तो 15 सेंटिमीटरच्या थोडा वर भरला.