हौद्यावरचे छप्पर आणि आरसीवरचे वजन

जून तोंडावर आला की सांगली-साताऱ्यातल्या फॅब्रिकेशन शेडमध्ये पिकअपची रांग लागते. तासगावचा बेदाणा, सांगलीची हळद, कोरेगावचे आले, यातले काहीच भिजून चालत नाही. कोणी पाइपच्या कमानी टाकून ताडपत्री ओढतो, कोणी फायबरचा हूड बसवतो, कोणी पत्र्याचा बंद बॉक्सच बांधून घेतो. मागाहून प्रश्न येतो: यामुळे पासिंगचा खर्च वाढतो का?

‘पासिंगचा खर्च’ म्हणताना दोन वेगळ्या रकमा एकत्र होतात. पहिली नोंदणी फी. डिसेंबर २०१६ पासून हलक्या मालवाहू गाडीला ती १,००० रुपये आणि खासगी चारचाकीला ६०० रुपये आहे. साडेसात टनांच्या आत गाडी कितीही वजनाची असो, हौदा उघडा असो वा झाकलेला, ही फी हलत नाही. दुसरी रक्कम राज्याच्या मोटार वाहन कराची, आणि गोंधळ सगळा तिच्यात आहे. राज्याचा कर कायदा १९५८ चा. मालवाहू गाडीचा कर त्यात दीर्घकाळ एकूण वजनाच्या, म्हणजे गाडी अधिक माल या नोंदलेल्या मर्यादेच्या पायऱ्यांवर बसत आला. हूड चढवल्याने ही मर्यादा बदलत नाही, त्यामुळे करही बदलत नव्हता. त्या काळात बॉडी लाकडी आणि ताडपत्री सुटी असायची, तेव्हा वादाला फारशी जागाही नव्हती.

खरा गुंता रिकाम्या वजनाचा आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातली त्याची व्याख्या नीट वाचणारे थोडे. गाडी कामावर असताना नेहमी सोबत असणारे सगळे साहित्य धरून, चालक आणि मदतनीस वगळून, येते ते रिकामे वजन. व्याख्येच्या पुढच्या भागाकडे बहुतेकांचे लक्षच जात नाही: गाडीला आलटून पालटून लावायचे भाग किंवा बॉडी असतील, तर त्यातला सर्वात जड भाग लावून येणारे वजन धरायचे. ‘हूड काय, चार बोल्ट काढले की उतरतो, तो कशाला मोजायचा’ हा युक्तिवाद इथेच संपतो. सुटा असला तरी तो मोजायचा.

याच्याच जोडीला ‘दोन टक्क्यांपर्यंत चालते’ हे वाक्य आजही शेडमध्ये हमखास ऐकू येते. ते हवेतले नाही. कायदा लागू झाला तेव्हा बदलांविषयीच्या ५२ व्या कलमात तशी सवलत होती: जोडसाहित्यामुळे रिकामे वजन नोंदीच्या दोन टक्क्यांपर्यंत बदलले तर परवानगी नको. २००० च्या दुरुस्तीत कलम नव्याने लिहिले गेले आणि ही सवलत गेली. तिच्या जागी आले की, निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी आरसीवरचा, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रावरचा, तपशील विसंगत होईल असा बदल करायचा नाही. आणि ‘बदल’ म्हणजे काय, तर गाडीचे मूळ वैशिष्ट्य पालटेल असा रचनेतला बदल. आता ताडपत्रीची कमान हे मूळ वैशिष्ट्य पालटणे आहे का? कलम सांगत नाही. मोजता येणारी रेघ पुसून तिथे शब्द ठेवला, हे आमच्या मते चुकलेच. दोन टक्के निदान काट्यावर दाखवता येत होते.

आकडे घेतले की फरक कळतो. समजा आरसीवर रिकामे वजन १,६०० किलो आणि एकूण ३,००० किलो आहे. दोन टक्के म्हणजे ३२ किलो. एक इंची पातळ पाइपच्या पाच कमानी, वरून तीन आडवे पाइप आणि ताडपत्री मिळून ३५ किलोच्या आसपास जाते, म्हणजे जुन्या रेघेच्या काठावर. पत्र्याचा बॉक्स मात्र वेगळाच जीव. एक मिलिमीटरचा पत्रा चौरस मीटरला ७.८५ किलो भरतो. छत, तीन बाजू आणि मागची दारे मिळून साधारण १७ चौरस मीटर लागतो, म्हणजे पत्राच १३३ किलो. त्यात अँगलची फ्रेम, बिजागऱ्या आणि कड्या धरल्या की १९० किलो. एकूण मर्यादा ३,००० वरच राहते, त्यामुळे माल १,४०० वरून १,२१० किलोवर येतो, टोमॅटोचे आठ क्रेट कमी. हे ध्यानात न घेता पूर्वीइतकाच माल भरला की ओव्हरलोड. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याचा दंड २०,००० रुपयांपासून सुरू होतो आणि जादा प्रत्येक टनाला २,००० रुपये वर. करात न दिसणारा हूड असा इथे महाग पडतो.

जानेवारी २०१९ मध्ये देशाच्या वरिष्ठतम कोर्टाने केरळातल्या प्रकरणात ५२ वे कलम कडकपणे वाचले: नियमांत काही सूट दिसत असली तरी कायदा वरचढ, निर्मात्याच्या तपशिलाबाहेरचा बदल नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत बेकायदा बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली.

हे उशिरा उघडकीस येण्याचे कारण २०१८ च्या नोव्हेंबरात आहे. कंपनीतून पूर्ण बांधून आलेल्या नव्या मालवाहू गाडीला तेव्हापासून पहिली दोन वर्षे फिटनेस तपासणी नाही. गाडी शोरूममधून उघड्या हौद्यासह नोंदते, पुढच्याच महिन्यात बॉक्स चढतो, आणि निरीक्षकासमोर ती दोन वर्षांनी उभी राहते. आरसीवर ‘ओपन बॉडी’, समोर बंद पेटी. मग बॉक्स उतरवा किंवा आधी बदलाची नोंद करा.

म्हणून क्रम उलटा ठेवावा. हूड बसवण्याआधी आरटीओत अर्ज द्यावा. गाडीवर कर्ज असेल तर फायनान्सचे लेखी संमतिपत्र घ्यावे, त्याविना अर्ज अडतो. काम झाल्यावर रिकाम्या गाडीची काटा पावती घ्यावी. काट्यावर चालक खाली उतरलेला, स्टेपनी आणि जॅक मात्र गाडीत. बॉडीवाल्याचे बिल ठेवावे, बदलाची नोंद आरसीवर आली का पाहावे आणि विमा कंपनीला कळवावे. मागचे दिवे, नंबरप्लेट आणि लाल रिफ्लेक्टर पट्टी हूडच्या फाळक्याआड गेली तर तपासणी तिथेच थांबते.

करात मात्र १ जुलै २०२५ पासून गणित बदलले. साडेसात टनांपर्यंतच्या हलक्या मालवाहू गाड्यांना वजनाच्या पायऱ्यांऐवजी किमतीच्या ७ टक्के एकरकमी कर आला. दहा लाखांच्या पिकअपला ७०,००० रुपये. छप्पर आता कराच्या वाटेवर येते ते इथे. शोरूमने ४०,००० चा हूड गाडीच्याच इन्व्हॉइसमध्ये किमतीत धरला तर २,८०० रुपये कर वाढू शकतो. नोंदणीनंतर वेगळ्या बिलाने बसवला तर तो आकडा त्या किमतीत नसतो. खासगी नोंदणीच्या डबल केबिन पिकअपला हा फरक जास्त बोचतो, कारण वैयक्तिक नावावरच्या डिझेल गाडीला किमतीनुसार १३ ते १५ टक्के दर आहे: ६०,००० च्या कडक झाकणावर १५ टक्क्यांनी ९,०००.

परदेशी व्हिडिओ पाहून ‘झाकण लावले की फी कमी’ असे कोणी सांगत असेल तर तो हिशेब तिकडचा. कॅलिफोर्नियात खासगी वापराची पिकअपही कमर्शियल म्हणून नोंदते आणि तिला वेगळी वजनाची फी पडते, म्हणून तिथे ती चर्चा होते. एमएच १०, ११ किंवा ५० च्या गाडीला त्याचा उपयोग नाही.