रुंद पावडर स्की : बॅककंट्री टूरिंगमधील वापर

बुटाखालच्या सर्वांत अरुंद भागाला स्कीची कमर म्हणतात. ही कमर साधारण १०५ मिमी किंवा त्याहून अधिक असेल, तर ती स्की रुंद किंवा पावडर स्की समजली जाते. लिफ्ट आणि आखलेले उतार सोडून डोंगरात स्वतःच्या पायांनी चढायचे आणि ताज्या, न तुडवलेल्या बर्फातून उतरायचे, याला बॅककंट्री टूरिंग म्हणतात. साताऱ्यात बर्फ पडत नाही, पण हिमालयाशी या शहराचे नाते जुजबी नाही : २०१३ मध्ये एव्हरेस्ट आणि २०२१ मध्ये अन्नपूर्णा सर करणाऱ्या प्रियांका मोहिते साताऱ्याच्याच. अजिंक्यतारा आणि यवतेश्वरच्या चढांवर तयार झालेला ट्रेकर हिवाळ्यात गुलमर्गला जाऊन टूरिंग करू लागतो, तेव्हा त्याला पहिला प्रश्न स्कीच्या रुंदीचा पडतो.

स्कीवर १३८-११२-१२८ असे तीन आकडे छापलेले असतात. ते अनुक्रमे टोक, कमर आणि शेपूट यांची रुंदी मिमीमध्ये सांगतात. ८० ते ९० मिमीची स्की लांबच्या आणि उंच मोहिमांसाठी, ९५ ते १०५ मिमीची सर्व प्रकारच्या बर्फासाठी आणि त्यापुढची भुसभुशीत बर्फासाठी. पावडर स्कीचे टोक, आणि बहुधा शेपूटही, आधीपासूनच वर वळू लागते. या बाकाला रॉकर म्हणतात. त्यामुळे टोक बर्फात न घुसता वर तरंगते.

ॲटॉमिक कंपनीसाठी रूपर्ट ह्युबर यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस अतिरुंद ‘पावडर प्लस’ स्की घडवली. २००२ मध्ये स्कीपटू शेन मॅकाँकी यांच्या कल्पनेतून आलेल्या ‘स्पॅट्युला’ने स्कीचा बाक आणि बाजूची वक्रता दोन्ही उलटी केली. या स्की उतरण्यासाठी होत्या. त्या पायात घालून चढणे जिकिरीचे होते. ऑस्ट्रियाच्या फ्रित्स बार्टेल यांनी १९८० च्या दशकात शोधलेले हलके पिन-बाइंडिंग (बुटाला पिनांनी धरून स्कीशी जोडणारी पकड) आणि पॉलोनिया या झाडाचे हलके लाकूड व कार्बन यांचा वापर, यांमुळे रुंद स्की चढासाठीही परवडू लागली.

परवडू लागली म्हणजे वजन नाहीसे झाले असे नव्हे. टूरिंगसाठी बांधलेली ११२ मिमीची, १८४ सेंमी लांबीची एक स्की साधारण १.६ ते १.९ किग्रॅ भरते. अरुंद स्की १.१ ते १.४. आता हिशेब पाहा. १,००० मीटर चढ म्हणजे सातारा शहरातून अजिंक्यताऱ्यावर तीनदा जाण्याइतका. १० अंशांच्या वाटेने त्यासाठी पावणेसहा किमी चाल होते, म्हणजे ८० सेंमीची सुमारे ७,२०० पावले. प्रत्येक स्की ३०० ग्रॅमने जड असेल, तर या चढात दोन टनांहून अधिक जादा वजन पुढे सरकवलेले असते. म्हणून स्की उचलायची नाही, बर्फावरून सरकवायची. पायऱ्या चढण्याची सवय असलेला सह्याद्रीतला ट्रेकर गुडघा वर घेतो आणि दोन तासांत मांड्या भरून येतात. टोकावर साचलेले बर्फही मग दर पावलाला उचलले जाते.

चढताना स्की मागे घसरू नये म्हणून तळाला स्किन, म्हणजे केसाळ पट्टी, चिकटवतात. पूर्वी सीलची कातडी वापरत, त्यावरून हे नाव पडले. आज त्या मोहेर (अंगोरा शेळीचे केस), नायलॉन किंवा दोहोंच्या मिश्रणाच्या असतात. मोहेर चांगली सरकते, नायलॉन जास्त पकडते आणि टिकते. जड रुंद स्कीला मिश्र स्किन बरी. टूरिंगमधला दिवस वाया गेला, तर तो बहुधा स्किनपायी जातो, स्कीपायी नव्हे, म्हणून ती कापण्यात घाई करू नये. १३८ मिमी टोकाच्या स्कीला १४० मिमीची स्किन घ्यावी. ती मधोमध चिकटवून दोन्ही बाजू कडेलगत कापाव्यात. मग स्किन उचलून ४ मिमी उजवीकडे सरकवावी आणि उजवीकडे बाहेर आलेला भाग कापावा. पुन्हा मध्यावर बसवली की दोन्ही बाजूंना २ मिमी पोलादी कड उघडी राहते. कड झाकली गेली, तर कडक बर्फावर स्की धरत नाही. उलट कमरेखाली तळाची रुंद पट्टी उघडी राहिली, तर ऐन चढावर पाय मागे येतो.

थंडीत आणि ओलीत स्किनचा गोंद दगा देतो. उतरताना ती जाकिटाच्या आत, अंगाशी ठेवावी. शेपटीचा हूक सैल असेल, तर आत बर्फ शिरून मागून स्किन सुटू लागते. अशा वेळी दोन रबरी पट्टे आवळून दिवस निभावता येतो. ओल्या बर्फातून सावलीतल्या कोरड्या बर्फात गेले की स्किनखाली बर्फाचे गोळे धरतात. त्यावर निघण्यापूर्वीच स्किनला मेण चोळणे हा उपाय आहे.

रुंद स्कीची खरी परीक्षा कडक बर्फावरच्या तिरक्या चालीत होते. ११२ मिमी स्कीची कड पायाच्या मध्यरेषेपासून ५६ मिमी दूर असते, ८६ मिमी स्कीची ४३. म्हणजे घोटा मुरगळू पाहणारा जोर सुमारे ३० टक्क्यांनी वाढतो आणि तोच ताण बाइंडिंगच्या पिनांवरही येतो. वाऱ्याने घासलेल्या धारेवर हे लगेच जाणवते. तेथे स्की-क्रॅम्पॉन, म्हणजे स्कीला लावायचे दातेरी पत्रे, लागतात. ते कमरेहून रुंद, म्हणजे ११२ ला ११५ किंवा १२० मिमीचे असावेत आणि उतार टणक होण्याआधीच लावावेत. अरुंद स्कीवाल्यांनी पाडलेल्या खोल वाटेत रुंद स्की बसत नाही, ती काठांवरून चालते. त्यामुळे गटातील सर्वांच्या स्की जवळपास सारख्या असाव्यात.

बाइंडिंगचा ब्रेक (बूट सुटल्यावर स्की घसरत जाऊ न देणारे दांडे) स्कीच्या कमरेइतका किंवा १० मिमीपर्यंत जास्त रुंद हवा. कमी पडला तर स्कीच्या कडांवर अडतो, फार रुंद असेल तर बर्फात अडकतो. बसवताना धातूचा थर नसलेल्या स्कीला ३.५ मिमी आणि थर असलेल्या स्कीला ४.१ मिमी ड्रिल वापरतात, खोली ९ मिमी. भोकात पाण्याला टिकणारा गोंद घालतात, नाहीतर ओल आतल्या लाकडापर्यंत पोचते. दोन बकलांचा अगदी हलका बूट एवढी रुंद स्की वळवू शकत नाही. दीड किलोच्या आसपासचा ताठ बूट लागतो.

गुलमर्ग सुमारे २,६५० मीटर उंचीवर आहे. गोंडोलाचा, म्हणजे तिथल्या रोपवेचा, दुसरा टप्पा २००५ पासून अफरवट शिखराच्या खांद्यापर्यंत नेतो. तेथून धारेने पुढे स्किनवर चालून बाबारेशी, द्रंग किंवा टंगमर्गच्या बाजूला उतरता येते. २१ डिसेंबरपासूनच्या चाळीस दिवसांच्या चिल्लई कलान या कडाक्याच्या थंडीच्या काळात आणि फेब्रुवारीत पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून येणारी वादळी हवा, ताजे बर्फ आणतात. वर्षाकाठी याच काळात आठ-दहा दिवस जाणाऱ्याने १०५ ते ११२ मिमी घ्यावी. ११५ च्या पुढची स्की लिफ्टच्या आधाराशिवाय ओझेच होते. एप्रिलमध्ये सकाळचे बर्फ काचेसारखे टणक असते. तेव्हा ८५ ते ९५ मिमी पुरते. भाड्याने घेताना स्किन त्याच स्कीसाठी कापलेली आहे ना, हे तळाला लावूनच पाहावे.

ताज्या बर्फाचे हवेहवेसे उतार आणि हिमस्खलनाचे उतार एकच, ३० ते ४५ अंशांचे. ८ फेब्रुवारी २०१० रोजी गुलमर्गजवळच्या खिलनमर्गला लष्कराच्या प्रशिक्षण तुकडीवर हिमकडा कोसळून १७ जवान मरण पावले. रुंद स्की तरंगते, पण स्खलनातून वाचवत नाही. तिचा एक गुण मात्र खरा उपयोगी आहे : २५ अंशांच्या आतल्या मंद उतारावरही ती खोल बर्फात अडकत नाही, म्हणून वर तीव्र उतार नसलेल्या सुरक्षित जागा निवडता येतात. डीआरडीओच्या डीजीआरई या संस्थेचा हिमस्खलन इशारा रोज पाहावा. प्रत्येकाकडे ४५७ किलोहर्ट्झचा बीकन (गाडलेल्या माणसाची जागा शोधून देणारे रेडिओ यंत्र), किमान २४० सेंमीची प्रोब (बर्फात खुपसून पाहायची काठी) आणि धातूचे फावडे हवे. गाडलेला माणूस पहिल्या १० ते १५ मिनिटांत निघाला, तरच जगण्याची आशा मोठी. बीकनपासून फोन एरवी २० सेंमी आणि शोध घेताना ५० सेंमी लांब ठेवतात. बीकनचा सराव साताऱ्यातही होतो : उसाच्या पाचटाच्या ढिगात पिशवीतला बीकन लपवून वेळ लावून शोधावा. कासच्या पठारावर मात्र हा सराव करू नये. तेथली माती आणि फुले तुडवणे सोसत नाहीत.

परतल्यावर स्की पुसून, कडांना तेलाचा हात देऊन, तळावर मेणाचा जाड थर न खरवडता ठेवावा. पावसाळ्याच्या दमट हवेत उघडी कड आठवड्यात गंजते. स्किन आधी सावलीत पूर्ण वाळवावी, कारण ओल राहिली तर मोहेरला बुरशी धरते. मग गोंदावर जाळी लावून ती घरातल्या थंड कोपऱ्यात ठेवावी. पत्र्याखालच्या माळ्यावर मे महिन्यात गोंद वितळून केसांत उतरतो आणि अशी स्किन पुढच्या जानेवारीत स्कीला धरत नाही.